आधी परत आणून दाखव

ओहायोमधल्या डब्लिनला आम्ही राहायला आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. माझं काम सांगायला सोपं आहे. एखाद्या धंद्याची सगळी माहिती त्याच्या स्वतःच्या ऑफिसमधल्या सर्व्हरवर असते. ती तिथून हलवून क्लाउडवर न्यायची, म्हणजे दूर कुठल्यातरी मोठ्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवायची आणि इंटरनेटवरून वापरायची. आमची कंपनी लहान, गिऱ्हाइकंही लहान: दाताचे दवाखाने, छापखाने, जिल्ह्याच्या गावातली वकिलांची ऑफिसं. जे लोक नको म्हणत, त्यांना आम्ही आपसात ‘नॉट रेडी’ म्हणायचो आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन करायचो. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड होती, ‘गैरसमज आणि वस्तुस्थिती’. डावीकडे लोकांच्या शंका, उजवीकडे माझी उत्तरं. त्या स्लाइडचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करते.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक काका उभे होते. हाडांचे डॉक्टर, सोलापूरकडचे, चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आलेले आणि आता निवृत्त. मला म्हणाले, “अगं, तू ते क्लाउडचं करतेस ना? माझा एक मित्र आहे. कृत्रिम पाय बनवतो. तीस वर्षं मी माझे पेशंट त्याच्याकडे पाठवले. त्याचा सगळा डेटा एका कपाटात आहे.”

“कपाटात म्हणजे?”

“म्हणजे कपाटातच. झाडू ठेवायच्या. माझं तो ऐकत नाही. तू एकदा बघ.”

त्याच आठवड्यात मी गेले. डब्लिनपासून तासाभरावरचं लहानसं गाव. दुतर्फा मक्याची शेतं, मग एक पेट्रोल पंप, मग ही बैठी विटांची इमारत. पुढे दोन तपासणीच्या खोल्या, मागे कारखाना. कारखान्यात प्लास्टरचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. फळ्यांवर पायांचे पांढरे साचे ओळीने उभे होते. मालक सत्तरीचे, उंच, हातांवर प्लास्टरची पूड. शेकहँड करायच्या आधी त्यांनी हात पुसला, तरी माझा तळवा पांढरा झाला.

त्यांच्यासोबत ऑफिस सांभाळणाऱ्या बाई होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक चष्मा, तेवीस वर्षं तिथेच. फोन त्या घेत, इन्शुरन्सवाल्यांशी त्या भांडत, आणि सर्व्हरही त्याच सांभाळत. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. खरोखरच झाडूचं कपाट होतं ते. आत सर्व्हर, त्याच्यावर रोखलेला टेबलफॅन, दारावर आतून चिकटवलेला एक कागद: ‘हा फॅन बंद करू नये’. पूर्वी पायाचा साचा प्लास्टरने घेत. आता माणसाच्या उरलेल्या पायाचं स्कॅन घेतात, कॉम्प्युटरवर त्याचा आकार सुधारतात आणि मग एक मशीन त्याबरहुकूम साचा कोरून देतं. ती सगळी स्कॅन्स त्या कपाटात होती. हजारो माणसांचे पाय. दर शुक्रवारी बाई त्यांची प्रत एका टेपवर घेत. कॅसेटसारखी दिसणारी ती टेप पर्समध्ये घालून घरी नेत, म्हणजे इमारतीला आग लागली तरी एक प्रत वाचावी.

मी मनात म्हटलं, तीन आठवड्यांचं काम. लॅपटॉप उघडला आणि प्रेझेंटेशन सुरू केलं. मालकांनी शांतपणे ऐकलं. ती लाडकी स्लाइड संपल्यावर विचारलं, “हे सगळं जाणार कुठे?”

“बहुतेक व्हर्जिनियाला. अ‍ॅशबर्नला.”

“तू गेली आहेस तिथे?”

“नाही.”

“कधीच नाही?”

“जायची गरज पडत नाही,” मी म्हटलं.

ते खुर्चीत मागे रेलले. रागावले नव्हते. म्हणाले, “म्हणजे मी चाळीस वर्षं बनवलेले लोकांचे पाय तू अशा ठिकाणी ठेवणार, जे तू स्वतः पाहिलेलं नाहीस.”

मी लॅपटॉप अर्धा मिटला.

मग बाई बोलल्या. “मागच्या हिवाळ्यात बर्फाने तार तुटली. दोन दिवस इंटरनेट नव्हतं. आमच्याकडे माणूस येतो, पाय काढून टेबलावर बसतो. त्याला आम्ही काय सांगायचं, नेट नाही, उद्या या? तो घरी जाणार कसा?”

मी मोबाइलच्या नेटवर्कचं काहीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरी गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांनी अपॉइंटमेंट आणि रुग्णांच्या नोंदींसाठी एक ऑनलाइन प्रोग्रॅम घेतला होता. चांगला चालला होता. एक दिवस ईमेल आली की कंपनी बंद होतेय, तीस दिवसांत आपली माहिती काढून घ्या. माहिती मिळाली ती अशी, की दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडेना. बाईंनी चार महिने एकेक नोंद हाताने पुन्हा टाइप केली. “तेव्हाही एक हसतमुख मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती,” त्या म्हणाल्या. मग थोडं ओशाळून, “तुझ्यासारखीच. स्वभावाने चांगली होती.”

परत येताना मी गाडीत रेडिओ लावला नाही. मला सारखी एक गोष्ट आठवत होती. माझ्या डिग्रीची, मार्कशीटची, व्हिसाच्या कागदांची स्कॅन्स क्लाउडवर आहेत, तीन ठिकाणी. तरीही नागपूरला माहेरी जाताना मी अस्सल कागदांची निळी फाइल हातातल्या बॅगेत ठेवते. चेक-इन सामानात घालायची माझी हिंमत होत नाही. नवरा दर वेळी हसतो. मी त्याला म्हणते, तुला नाही कळणार. म्हणजे मला चांगलं कळत होतं. तरी त्या दोघांच्या बोलण्याला मी तासाभरापूर्वी मनात गैरसमज म्हटलं होतं.

ऑफिसमध्ये मॅनेजर म्हणाला, “नॉट रेडीमध्ये टाक आणि पुढे चल.” मी टाकलं नाही. थोडी मुदत मागून घेतली.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही सहा तास ड्राइव्ह करून अ‍ॅशबर्नला गेलो. तिथे माझी नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण एका डेटा सेंटरमध्ये काम करते. “आत नेशील का?” मी विचारलं. “यार, माझ्या आईलाही नाही नेता येणार,” ती म्हणाली. पण तिने बाहेरून सगळं फिरवून दाखवलं. एकामागून एक राखाडी इमारती, खिडक्या नाहीत, कुंपणाच्या आत ट्रकएवढे जनरेटर ओळीने उभे. सतत एक घरघर. पलीकडे लोकांची नवी घरं आणि मुलांचं खेळायचं मैदान. आठ वर्षांची माझी लेक म्हणाली, “इट लुक्स लाइक अ जेल.” मैत्रीण हसली आणि मला सांगायला लागली. रोज कुठली ना कुठली डिस्क जाते. ती काढायची, दुसरी बसवायची. प्रत्येक गोष्टीच्या प्रती दुसरीकडे असतात, म्हणून वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

“पण सगळंच बंद पडलं तर?” मी विचारलं. हा प्रश्न मी इतक्या वर्षांत कुणालाच विचारला नव्हता.

“पडतं कधीकधी,” ती म्हणाली. “काही तास. पडत नाही असं जो सांगेल, त्याच्याकडून काही घेऊ नकोस.”

डिसेंबरच्या सुरुवातीला मी पुन्हा त्या विटांच्या इमारतीत गेले. लॅपटॉप गाडीतच ठेवला. मालकांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो निरखला.

“खिडक्या नाहीत.”

“नाहीत.”

“तू आत गेलीस?”

“सोडलं नाही मला.”

ते मोठ्याने हसले. “हे बरं झालं. तुला सोडलं असतं म्हणजे कुणालाही सोडलं असतं; मग मी नाहीच म्हणणार होतो.”

मग मैत्रिणीने जे जे सांगितलं ते मी त्यांना सांगितलं, बंद पडतं हेही. माहिती फुटली तर कायद्याने कोण जबाबदार, करारात काय लिहिलेलं असतं आणि त्यातलं काय शेवटी त्यांच्याच गळ्यात राहतं, तेही सांगितलं. बाई पिवळ्या पॅडवर लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. “माहिती आत कशी जाणार ते सगळेच दाखवतात. तू आधी परत आणून दाखव. शंभर पेशंट ने, आणि इथे या टेबलावर परत आण. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखव. मग बोलू.”

इतकी वर्षं मी माहिती क्लाउडवर नेत होते. परत आणून दाखव, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आणि मीही आपण होऊन ते कधी केलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी, पेशंट नसताना, आम्ही ते करायचं ठरवलं. मी म्हटलं, तुलना करायला आधी टेपवरची प्रत एका रिकाम्या कॉम्प्युटरवर उतरवू, मग क्लाउडवरची उतरवू. बाईंनी पर्समधून आदल्या दिवशीची टेप काढली. टेप व्यवस्थित चालली. फोल्डर्स उघडली. मालकांनी एका पेशंटचं नाव सांगितलं, उन्हाळ्यात आलेला होता. सापडला नाही. दुसरं सांगितलं, तेही नाही. मग बाईंनी स्वतः माउस घेतला आणि तारखा बघत गेल्या. टेपवरचं सगळ्यात नवं स्कॅन तीन वर्षांपूर्वीचं होतं.

काय झालं ते समजायला मला दहा मिनिटं लागली. तीन वर्षांपूर्वी जागा कमी पडली म्हणून एका तंत्रज्ञाने सर्व्हरला नवी डिस्क बसवली आणि नवी स्कॅन्स तिच्यावर जातील अशी सोय केली. टेपला मात्र कुणी कळवलं नाही. ती दर शुक्रवारी जुन्याच जागेची प्रत घेत राहिली आणि काम झाल्याचा हिरवा दिवा दाखवत राहिली. बाई तो दिवा बघून टेप घरी नेत होत्या. बर्फात, पावसात, एकदा तर ताप असताना.

बाईंनी माउस सोडला. चष्मा काढून हातात धरून बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे मी तीन वर्षं पर्समध्ये काहीच नेत नव्हते.”

मला वाटलं आता मालक चिडतील. ते उठले, बाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. “तुला तो ट्रक चालवणारा आठवतो?” त्यांनी बाईंना विचारलं. आणि मला सांगायला लागले. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरला पाय बनवून दिला. दर वेळी विचारत, नीट बसतोय ना? तो हो म्हणे. वर्षभराने त्याच्या बायकोने येऊन सांगितलं की घरी गेल्याबरोबर तो पाय काढून टाकतो, आत जखम झालीय. “मी विचारत होतो आणि तो हो म्हणत होता. मी पाय काढायला लावून कधी पाहिलंच नाही. त्या दिवसापासून पाहतो.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “तुझ्या दिव्याने तुला हो सांगितलं. त्यात तुझी काय चूक?”

बाईंनी डोळे पुसले. “आता सगळं तिकडे गेलं की माझं इथे काय काम उरणार?” हा प्रश्न पिवळ्या पॅडवर नव्हता, पण पहिल्या दिवसापासून त्या खोलीत होता असं मला वाटलं.  उत्तर मालकांनी दिलं. “दिव्यावर विश्वास न ठेवता प्रत उघडून बघायची, हे कुणालातरी दर महिन्याला करावं लागेल. मी काही करणार नाही. मला तो माउससुद्धा नीट धरता येत नाही.”

त्या दिवशी पुढे क्लाउडचा विषय कुणी काढला नाही. तीन वर्षांच्या स्कॅन्सची जगातली एकुलती एक प्रत त्या कपाटात टेबलफॅनच्या वाऱ्यावर होती. आम्ही गावातल्या दुकानातून दोन हार्ड डिस्क आणल्या आणि संध्याकाळपर्यंत बसून सगळं उतरवून घेतलं. मधे मालकांनी टोमॅटो सूप गरम करून आणलं. मी माझीही एक गोष्ट त्यांना सांगितली: आमच्या कंपनीतही प्रती रोज घेतल्या जातात, आणि त्यातली एकही परत उघडून मी कधी पाहिलेली नाही. सोमवारी ऑफिसला गेल्यावर पहिलं काम तेच केलं. नशिबाने उघडल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही बाईंची परीक्षा दिली. शंभर पेशंटची स्कॅन्स क्लाउडवर गेली आणि टेबलावर परत आली, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडतील अशा साध्या स्वरूपात. बाईंनी एकेक उघडून मूळ प्रतीशी ताडून पाहिली. शंभरच्या शंभर. मग इंटरनेट गेलं तर काय, यावर आम्ही तिघांनी मिळून तोडगा काढला. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पेशंटच्या फाइल्स आपोआप कपाटातल्या कॉम्प्युटरवर उतरतील. तार तुटली तरी टेबलावर बसलेल्या माणसाचं काम अडणार नाही. बाईंनी स्वतःच्या हाताने नेटची वायर उपसली. मालकांनी एक पाय स्क्रीनवर उघडला, फिरवला, मोठा केला. “चालतंय,” ते म्हणाले. वायर परत लावायची कुणाला घाई नव्हती.

त्यानंतर बाकी सगळं क्लाउडवर गेलं, एक गोष्ट मात्र हलवली नाही. साचा कोरणाऱ्या मशीनचा कॉम्प्युटर. तो जुना, मशीनला जोडलेला, आणि नेटवर ठेवून त्याचा काही फायदा नव्हता, उलट धोकाच. माझ्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘हा इथेच राहू द्या’. मॅनेजरने बोलावून विचारलं, “आपण हलवायचे पैसे घेतो, आणि तू हलवू नका लिहितेस?” मी त्याला सगळं सांगितलं, टेपचं, वायरचं, ट्रक ड्रायव्हरचंही.  तो म्हणाला, “ती परत आणून दाखवायची टेस्ट, ती सगळ्यांसाठी कर.” तेव्हापासून मी गिऱ्हाइकाकडे पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडतच नाही. मागच्या वेळी काय बिघडलं होतं, एवढंच विचारते. लोक तासभर बोलतात. ‘नॉट रेडी’ हा शब्द आमच्याकडे आता कुणी फारसा वापरत नाही. माझी ती स्लाइड मी काढून टाकली.

काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अगं, मी त्याला दहा वर्षं सांगत होतो, कपाट बदल, कपाट बदल. त्याला काय वाटतंय ते विचारायचं मात्र राहून गेलं.”

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी या कारखान्याची पेशंट. लहानपणापासून इथलेच पाय वापरत मोठी झालेली. बर्फावरून घसरली आणि पायाचं सॉकेट तडकलं. सॉकेट म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी. तिची परीक्षा तोंडावर, बाहेर बर्फ, आणि इथपर्यंतचा तीनेक तासांचा रस्ता कुबड्या घेऊन बसने करणं अशक्य. तिने सकाळी बाईंना फोन केला. बाईंनी तिची लेखी परवानगी मागवली आणि तिच्या जवळच्या एका कारखान्याला शेवटचं स्कॅन आणि मालकांनी केलेले सगळे बदल पाठवून दिले. पूर्वी हे जमलं नसतं असं नाही, पण डिस्क पोस्टाने गेली असती आणि त्या दिवसांत पोस्टही उशिरा पोचत होतं. तिसऱ्या दिवशी तिला तात्पुरतं सॉकेट मिळालं.

मी त्या आठवड्यात बाईंसोबत बसले होते. प्रत उघडून पाहायची त्यांची महिन्याची चाचणी होती. त्या आता गावातल्या दोन दवाखान्यांनाही ती शिकवतात आणि तिथले लोक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न विचारतात. तेवढ्यात फोनवर एक व्हिडिओ आला. त्या मुलीच्या मैत्रिणीने काढलेला. रस्त्याकडेला साचलेला बर्फ, थांब्यावर बस, आणि लाल टोपी घातलेली ती मुलगी चालत येते, दांडा धरते, पायरी चढते, वळून हात करते. बाईंनी हाक मारली तसे मालक कारखान्यातून आले, हात पुसत. व्हिडिओ एकदा पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहताना ते स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले.

“डावीकडे जरा झुकते आहे,” ते म्हणाले. “पायरी चढताना बघ. एक मिलिमीटर, फार तर दोन. घाईत बनवलंय त्यांनी, पण बरं बनवलंय. मार्चमध्ये सुट्टी असेल ना तिला? इकडे बोलवून घे. नीट करून देतो.”

बाईंनी तोवर मार्चचं कॅलेंडर उघडलं होतं.